घरमालकिणीचं जेवण

बँकॉक,
शनिवार दुपार

मनांग सोल,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद म्हणून तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लागला असं समज आणि मगच पुढे वाच. (हात ओला असेल तर आधी पुसून घे. तुझ्या मागच्या पत्राला सुक्या मासळीचा वास होता. मी ते तीनदा वाचलं, त्यातलं दोनदा नुसतं वासासाठी.) एफ्रेनमानोंगचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, साळ्याने सांगितलंय, या वयात बास्केटबॉल बघावा, खेळू नये. डुकरीण व्याली का? नातवंडांचे दात, तुझी पाठ, शेजारच्या पाद्रीबाबांचा खोकला, सगळ्यांची खुशाली सविस्तर लिही. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तर मुद्द्याचं. साठी झालेल्या परदेशी मास्तरांचा कामाचा परवाना आमची शाळा यापुढे नव्याने काढणार नाही, हे मी कळवलं होतंच. त्यावर तू लिहिलंस, ‘मग घरी ये, खालची खोली रिकामीच आहे.’ इथे एक छोटी शिकवणी-शाळा मला अर्ध्या पगारावर घ्यायला तयार आहे. म्हणजे एकीकडे अर्धा पगार आणि एकीकडे आपल्या गावची, ओटोनची खालची खोली, यातलं एक या महिन्यात ठरवायचंय. म्हटलं, शहाण्या माणसासारखे परदेशी राहण्याचे फायदे-तोटे तुलाच लिहून कळवावेत. फायदे आधी घेतो, ते लवकर संपतात.

पहिला फायदा म्हणजे इथे मला कोणी काही विचारत नाही. ओटोनच्या तिठ्यावर उतरलो की रिक्षावाल्यापासून माळकरी म्हाताऱ्यांपर्यंत (हातात जपमाळ, डोळा माझ्या बोटातल्या अंगठीच्या जागेवर) सगळे एकच विचारणार, ‘काय तोतो, लग्न कधी?’ साठीला टेकलेल्या माणसाला! इथे एकोणीस वर्षांत एका माणसाने विचारलेलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, काय सुसंस्कृत लोक आहेत. मग एकदा तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळलो, शाळेत गेलो नाही, तेव्हाही कोणी विचारलं नाही. तेव्हा हा फायदा मी उचलून तोट्यांत टाकला. मग उरतो नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. भात उत्तम. आंबा आपल्याकडच्या गिमारास बेटावरचा जास्त चांगला, हे मी एकदा शिक्षकांच्या खोलीत बोलून गेलो आणि नंतर कित्येक दिवस सगळे माझ्याशी फार गोड वागले. इथे कोणी फार गोड वागायला लागलं की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

तोटे मात्र भरपूर आहेत, पोट भरून घे. पावसात फुटपाथवरच्या फरशीवर पाय पडला की खालून पिचकारी उडते, ती नेमकी इस्त्रीच्या पॅंटवर. गल्लीत पाणी भरलं की कालव्यातली घोरपड येऊन आमच्या जिन्याखाली बसते. तिला कोणी हाकलत नाही, ती इथलीच. दर तीन महिन्यांनी सरकारी कचेरीत रांग लावून ‘मी अजून तिथेच राहतो’ असं सांगावं लागतं ते मला. (आधी मला यात जरा बरं वाटायचं. कुठे राहतोस म्हणून एवढ्या नेमाने आईनंतर कोणी चौकशी केली नव्हती.) शिवाय परदेशी माणसांतही दोन जाती आहेत. थंड देशातून आलेले ते परदेशी पाहुणे, आणि आपल्यासारखे ते कामाला आलेले. गेल्या पालकदिनाला शाळेने समोरच्या व्यायामशाळेतला एक सोनेरी केसांचा पोलिश पैलवान भाड्याने आणला आणि टाय बांधून दारात उभा केला. त्याचं इंग्रजी माझ्या पहिलीतल्या पोरांइतकंच. तरी पालक रांग लावून त्याच्याबरोबर फोटो काढत होते आणि रिकामे पेले माझ्याकडे देत होते. माझ्या हातात ट्रे होता म्हणून दिले, हे मान्य. पण एकोणीस वर्षं व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या हातात ट्रे दिला कोणी, हे मात्र अजून कोणी सांगत नाही.

आता सगळ्यात मोठा तोटा. लमियतमावशी. हे नाव तुला माझ्या प्रत्येक पत्रात भेटलंय, आणि प्रत्येक वेळी मी तिच्या नावाने बोटं मोडली आहेत. तरी आज पहिल्यापासून सांगतो, कारण गोष्ट आता उलटी झाली आहे. अकरा वर्षांपूर्वी मी या इमारतीत तळमजल्यावर राहायला आलो, मावशी घरमालकीण, वरच्या मजल्यावर. पहिल्याच संध्याकाळी मी आपल्या रीतीने दार उघडं टाकून जेवायला बसलो. आपल्याकडे कसं, जेवताना दारावरून कोणीही जावो, वैरी जावो, पोस्टमन जावो, ‘या, जेवायला’ म्हणायचं, आणि जाणाऱ्याने, पोटात कावळे ओरडत असले तरी, ‘आत्ताच झालं’ म्हणून पुढे चालायचं. बोलावणाऱ्याचा मान राहतो, भांड्यातला भातही राहतो. मावशी बाजाराची पिशवी घेऊन जिन्याकडे निघाली होती. मी म्हटलं, ‘या मावशी, जेवायला.’ ती थांबली. पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि आत येऊन बसली.

मी काय करणार? ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारावरून गेली. न बोलावणं म्हणजे आईच्या नावाला बट्टा, म्हणून बोलावलं. ती पुन्हा बसली. अशी अकरा वर्षं, मनांग! मी व्हिनेगरात शिजवलेला मासा करतो, ती तो शांतपणे चावून चावून खाते, मी भात वाढतो, ती हात जोडते. तू पाठवलेल्या मिरच्या-लसणाच्या व्हिनेगरच्या निम्म्या बाटल्या तिच्या पोटात गेल्या असतील. कधीकधी मी मुद्दाम उशिरा जेवायला बसलो, तर तीही उशिरा खाली आली. एकदा दार लावून बसलो, तर दाराबाहेर तिच्या चपला थबकल्याचा आवाज आला आणि मी उठून दार उघडलं. या बाईचं एक ताट माझ्या पगारातून जातंय म्हणून मी तुला पानंच्या पानं लिहिली, आणि तू ‘देव बघतोय’ म्हणून उलट कळवलंस. देव बघत असेलच, पण त्याने काही सांगितलं नाही.

मावशीची भाची तुकता हिने सांगितलं. मागच्या रविवारी मी मिठाईचा डबा घेऊन वर गेलो. म्हटलं, निघायचं ठरलंच तर घरमालकिणीला तोंडाने सांगावं. मावशी गच्चीतल्या देव्हाऱ्यापाशी उदबत्ती लावत होती. मी सांगितलं, बहिणीने बोलावलंय, बहुतेक गावी जाईन. मला वाटलं, अकरा वर्षांचं अन्न आहे, निदान डोळे तरी ओले होतील. ती म्हणाली, ‘चांगलं, चांगलं. बहिणीकडे गेलंच पाहिजे.’ आणि डबा घेऊन आत गेली. मी जिना उतरायला लागलो तर मागून तुकता (ही नाक्यावरच्या पार्लरमध्ये केस कापते, जीभही कात्रीसारखीच) धावत आली.

‘सर, खरंच जाताय? बरं झालं बाई! मावशीची साखर उतरेल एकदाची.’

मी म्हटलं, कसली साखर?

‘अहो, डॉक्टरने तिला भात मोजून दिलाय. ती संध्याकाळी लवकरच जेवून घेते. मग तुमच्याकडे येऊन पुन्हा जेवते. त्यात तुमचं ते आंबट! आंबट तिला जन्मात सोसलेलं नाही. वर आली की गोळी घेऊन पडते.’

‘मग येते कशाला?’

‘तुम्ही बोलावता ना! एकटा परदेशी माणूस, रोज दार उघडं टाकून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो. त्याला नाही कसं म्हणायचं? ती म्हणते, देवळात जाण्यापेक्षा यात पुण्य जास्त आहे.’

मी जिन्यावरच बसलो. म्हणजे मी रीत पाळत होतो म्हणून बोलावत होतो, आणि ती मन मोडू नये म्हणून येत होती. या शहरात दुसऱ्याचं मन मोडण्यापेक्षा स्वतःचं पोट बिघडवणं लोकांना सोपं वाटतं. दोघांनाही नको असलेलं जेवण आम्ही दोघं अकरा वर्षं जेवलो, आणि ते मी तोट्यांत मांडत आलो. मला वाईट वाटलं, मनांग. हसू यायला हवं होतं, पण वाईटच वाटलं, आणि अजून वाटतंय. कारण तिच्या फुकट जेवणाबद्दल कुरकुरताना मला आतून माहीत होतं की संध्याकाळी या जगात एक माणूस माझ्याकडे यायला निघतं. ते माझ्यासाठी निघत नव्हतं. ते पुण्यासाठी निघत होतं.

त्या संध्याकाळी मी दार उघडंच ठेवलं, पण मान वर केली नाही. मावशी जिना उतरून आली, थांबली. मी माशाचे काटे काढत राहिलो. ती म्हणाली, ‘आज उकडतंय,’ मी म्हटलं, ‘हो, उकडतंय,’ आणि ती वर गेली. थोड्या वेळाने वरून टीव्हीवरच्या मालिकेचं गाणं ऐकू आलं, मग मावशीचं हसणं. मोठमोठ्याने हसत होती. ही मालिका आमच्या जेवणाच्या वेळेलाच लागते. अकरा वर्षांत किती मालिका बुडवल्या असतील बिचारीने! आता रोज ऐकू येते, मलाही कथानक कळायला लागलं आहे. सून चांगली आहे, सासू वाईट.

तेव्हा सगळा विचार करून माझा निर्णय कळवतो. मी येत नाही. अर्ध्या पगारात एका माणसाचं सहज भागतं, आणि आता ताटही एकच लागतं. खालची खोली थोरल्या नातवाला अभ्यासाला दे. माझी काळजी करू नये. एफ्रेनमानोंगना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा धाकटा भाऊ,
तोतो

ता. क. व्हिनेगरच्या बाटल्या यापुढे पाठवू नकोस. आहेत त्याच संपायच्या नाहीत.

ता. क. आणखी एक. थोरल्या नातवाला खोलीचं एवढ्यात काही बोलू नकोस. पोरांना एकदा सांगितलं की ती सामान हलवायला लागतात.

ता. क. तिसरा, आणि हे एफ्रेनमानोंगना वाचून दाखवू नकोस. लमियतमावशीचं कळल्यापासून मी तुझी ती ओळ पुन्हापुन्हा वाचतोय. ‘मग घरी ये.’ आता मला कोणाच्याही बोलावण्याचा भरवसा वाटत नाही, मनांग, अगदी तुझ्यासुद्धा. दारावरून जाणाऱ्याला म्हणतात त्यातलं हे असेल, तर तसं लिहायची काहीच गरज नाही. एकदा विचारून झालंय, रीत पाळली गेली, मी ‘आत्ताच झालं’ म्हटलं असं धर. तुझ्या घरात मी रोज ताटावर बसायचं आणि तू मन मोडायला नको म्हणून वाढत राहायचं, हे मला या वयात सोसणार नाही.

ता. क. शेवटचा. आणि तसं नसेल, तर आईने आपल्याला काय शिकवलं ते आठव. पहिल्या बोलावण्याला नको म्हणायचं, दुसऱ्याला पोटावर हात ठेवून नको म्हणायचं. हे पत्र म्हणजे पहिलं नको. तू पुन्हा लिहिलंस तर मी पुन्हा नकोच लिहीन, त्याचा राग धरू नकोस, आणि तिथे थांबू नकोस.