डाव्या बाजूचा पत्रा

दि. ८ फेब्रुवारी २०२५
शिरड शहापूर

द्वारका वन्सं,

गोजराचा नमस्कार. इकडं समदे बरे हाव, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवते. फोन लावला की माझा आवाज ऐकून तुमी मधीच फोन कापता, म्हणून कागद घेतला.

तुमच्या राजनंदिनीच्या लग्नाची पत्रिका पोचली. पाकिटावर तुमच्या भावाचं नाव, आमच्या बालाजीचं नाव. माझं न्हाई. वर निरोप, 'पोरगी मामाच्या जीपमधूनच मांडवात येईल.' मामी नको, जीप पाह्यजे. बरंय.

जीप चिंचेखाली पडून होती, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. बालाजीनं औंढ्याहून मकबूल डेंटरला बोलावलं. तो म्हणला, "भाभी, नुसता वरून रंग मारून जमत न्हाई. आतले पत्रे काढून गंज बघावा लागतो, न्हाई तर रंग फुगून येतो." हे ऐकलं आन तुमचे भाऊ बाजेवरून ताडकन उठले. "आतले पत्रे काढायचे न्हाईत! बराबर हायेत ते. मी सोता बसवलेत." एवढं बोलून देवळाकडं चालते झाले. मला वाटलं, म्हातारपणाचा हेका.

मग सीटा निघाल्या. गंजलेल्या स्क्रूवर डिझेल सोडून ठिवलं, रिबिटा ड्रिलनं फोडल्या. मी खडूनं खुणा करून राहिले, हा डावा, हा उजवा, कारण जागा बदलली की भोकं जुळत न्हाईत. डाव्या बाजूचा पत्रा हलंना. मकबूलनं पटाशी घालून उचकटला आन भुईवर उलटा टाकला.

वन्सं, उलट्या बाजूला निळा रंग. लाल गुलाबाची फुलं. खाली पांढऱ्या अक्षरात, 'सौ. सुमनबाई किसनराव'.

तुमच्या आईची पत्र्याची पेटी. तिनं माहेरून आणलेली, तुमाला द्या म्हणून मरताना सांगितलेली. आन मी ती भंगारवाल्याला इकली म्हणून तुमी चारचौघांत ओरडल्या होत्या.

तुमच्या आईच्या तेराव्याचा मांडव आठवतो का? शपथेला नागनाथाचा बेल उचलायला लावला मला. मी उचलला. 'पेटीला हात लावला न्हाई' म्हणले. तुमी म्हणल्या, देवाला बी खोटं बोलती. तुमचे भाऊ शेजारीच मान खाली घालून बसले होते. जीपचा पत्रा सडला म्हणून त्यांनीच पेटी कापली होती, आन माझा बेल गुमान बघून राहिले होते.

पुढं बालाजीला टायफाईड झाला. तुमी गावभर केलं, खोटा बेल भोवला. लेकरू तापानं फणफणून राहिलं होतं, आन मला सोताचीच शंका यायला लागली. माझ्या हातून नकळत काही झालं असंल का, असं वाटायचं. ते दिवस मी कुणाला सांगितले न्हाईत.

देवळातून आल्यावर त्यांना पत्रा दावला. म्हणलं, काहून केलं असं? तर म्हणले, "खरं सांगितलं असतं तर द्वारकीनं भाऊबीजेला ओवाळलं नसतं मला. तुझं काय, तू परक्या घरची." आन वर तोंड करून, "तुला काय कमी पडलं? नांदलीसच की!"

व्हय, नांदले. चोर म्हणून नांदले. त्यांना वाढलेलं एकेक ताट आठवून जीव जळतो माझा. तुमच्यावर राग धरून मी निदान घर तरी सांभाळलं. आता ह्या माणसासमोर भाकरी कशी थापू, तेवढं सांगा.

मकबूलनं इचारलं, फुलांवर रंग मारू का? मी म्हणलं, खबरदार! फुलं आन नाव दिसंल असाच बसव. मग बालाजीनंच पत्रा धरला.

तर जीप येईल. मामा हाकत आणील. नवरी बसंल तिथं तिच्या आजीचं नाव असंल. पाव्हणे इचारतील, तवा उत्तर तुमच्या भावाला देऊ द्या, तुमी मधी पडू नका.

मी येणार न्हाई. आता माझ्या नावाची पत्रिका बी धाडू नका. पोरगी इचारील, मामी काहून आली न्हाई. बोलावलं न्हाई म्हणून, असं सांगा तिला. खोटं सांगू नका.

खाली 'तुमची वहिनी' लिवायची रीत हाय. हात चालंना.

सुमनबाईची सून,
गोजरबाई