ड्रममध्ये काय ओतावं

१२ नोव्हेंबर १९८८
शिलाई मशीनचं एक हेड अंगणातल्या ड्रममध्ये पेट्रोलने धुतलं. खरा खर्च असा — डावी भुवई अर्धी, मागच्या दाराचा पडदा अख्खा, तुळशीची एक बाजू काळी. पेट्रोल वेगळं. बायकोने, मालिनीने, तिन्हीसांजेला तुळशीपाशी पणती लावली आणि ज्वाळ जमिनीवरून पळत ड्रमकडे आली. वर म्हणते, पणती तिथेच राहील, ड्रम हलवा.
हलवला. आता मागच्या पडवीत, स्वयंपाकघराला लागून.

१४ नोव्हेंबर
शेजारचे श्यामकांत आले. अंबरनाथ एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑफिसर. माझी भुवई बघून अर्धा तास फ्लॅश पॉइंट शिकवला, म्हणजे कुठलं तेल किती गरमीला पेट घेतं ते. यांच्या घरी फ्यूज उडाला की हाक मला!
"दिनानाथराव, केमिकल हुंगून निवडत नाहीत."
मी म्हटलं, मग नाक कशाला दिलंय, चष्मा टेकवायला? हसले नाहीत. ऑफिसर लोकांना हसायलाही वरून मंजुरी लागत असावी.
अहो, याच नाकावर हेल्परचा फोरमन झालो, आणि नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढलं. साहेब लोक लॅबच्या रिपोर्टची वाट बघत बसायचे. मी बूच काढून हुंगायचो आणि सांगून मोकळा. अजून एकदाही चुकलेलो नाही.

१७ नोव्हेंबर
कॅम्प १ ला, सिंधी वसाहतीत, लछमनशेठकडे. जीन्स शिवून घेतात, चाळीस मशीनं. ती धुण्याचं वर्षभराचं काम मला द्यायला तयार — अट एकच, कापडाला डाग नको, वास नको. आणि वर सल्ला, "साईं, घासलेट में क्या खराबी है?" वास नको आणि घासलेट हवं! काय बोलणार.
घासलेट चिकट राहतं. डिझेल त्याहून घाण. थिनरने रबराचे वॉशर भज्यासारखे फुगले. श्यामकांत म्हणतात टर्पेंटाइन घ्या, अंगणात धुवा, वर झाकण ठेवा. रंगाऱ्याचं टर्पेंटाइन! मी काय खिडक्या रंगवतो?

२३ नोव्हेंबर
सापडलं! ट्रायक्लोर, कारखान्यात ग्रीस धुवायला वापरतात ते केमिकल. गोडसर वास, पिकल्या फळासारखा. ग्रीस लोण्यासारखं विरघळतं, सुटा भाग बाहेर काढला की कोरडा. श्यामकांतांसमोर त्यात जळती काडी टाकली. विझली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा. तरी बोललेच — बंद जागेत नको, डोकं फिरतं. म्हटलं, ते तुमचं ऐकूनही फिरतं.
लछमनशेठने धुतलेला भाग पांढऱ्या रुमालावर घासून बघितला. काम आपलं.

६ डिसेंबर
मालिनीचं डोकं दुखतंय. पोळ्या लाटता लाटता भिंतीला टेकून बसली. म्हणते, पिठाला वास, दुधाला वास, तुमच्या शर्टाला वास. मला तर आता अजिबात येत नाही. चांगला माल असा असतो, चार दिवसांत वास मरतो.
हिच्या माहेरचे सगळेच नाजूक. भावाला रिक्षात बसलं तरी मळमळतं.

२० डिसेंबर
आमटी परत फिकी. हिंगाचा पत्ता नाही. बोललो तर मालिनीने डबी माझ्या नाकाखाली धरली. म्हणे हा हिंग! पीठ नुसतं. तसाच वाण्याकडे गेलो, चार गिऱ्हाइकांसमोर झाडला. त्याने दुसरी डबी फोडली — तीही तसलीच. म्हणतो, शेठ, सर्दी झालीय का? चोर तो चोर, वर डॉक्टर.

२ जानेवारी १९८९
मालिनी बहिणीकडे गेली, कुंदाकडे, अंबरनाथला. भांडली असती तर बरं होतं. चप्पल घालता घालता म्हणाली, "अहो, या घरात एक तर तो ड्रम राहील, नाही तर मी. सावकाश ठरवा."
मी म्हटलं, चाळीस मशीनं आहेत.
"मग मशीनंच वाढतील तुम्हाला जेवायला."

६ जानेवारी
श्यामकांतांकडून निरोप — वहिनींचं डोकं तिकडे दुखत नाही. बहिणीकडे कुणाचं दुखतं?

८ जानेवारी, रविवार
स्वयंपाकघरात पाट टाकून बसलोय. दारं-खिडक्या लावून घेतल्यात, गारठा फार. भात लावला होता, उतू गेला आणि शेगडी विझली. झाकण ठेवलंय, वाफेवर होईल. बायका स्वयंपाकाचं केवढं स्तोम माजवतात!
तिच्याशिवाय अडत नाही. घर शांत आहे. फार शांत. काल कपबशी एकच काढली आणि उगाच दुसरी शोधत राहिलो.
तिला काय कळवावं? ड्रम अंगणात नेला तर श्यामकांत गल्लीभर सांगतील, ऐकलं बघा माझं. या माणसाला तेवढं सुख द्यायचं नाही.
चहा टाकावा. काडेपेटी इथेच होती… सापडली. कोण दार बडवतंय? श्यामकांत. रविवारीसुद्धा यांना सुट्टी नाही.

९ जानेवारी
ड्रम झाकण घालून अंगणाच्या टोकाला ठेवला. मालिनीला आणायला निघतोय. तिला सांगायचं ते एवढंच — काल शेगडीचं बटण उघडं राहिलं होतं. गॅसचा वास श्यामकांतांना त्यांच्या ओट्यावर आला. मी शेगडीजवळ बसलो होतो. मला आला नाही.