चढावरची ट्रायल

बाबा, काल नव्या पिकअपचं बुकिंग केलं. इंजिन कुठलं घेतलं ते लगेच सांगणार नाही. तुम्हाला जरा ताटकळत ठेवायची संधी मला पहिल्यांदाच मिळते आहे, ती मी सोडणार नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आज तुम्हाला अरे-तुरे करून लिहायचं असं ठरवून बसले होते, पण दोनदा 'तू' लिहिलं आणि दोनदा खोडलं. तेवढं धाडस अजून हातात येत नाही. राग मात्र आहे तसाच आहे, त्याचं वजन छटाकभरही कमी झालेलं नाही.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी एकोणीस वर्षांची आहे. भांडुपला आपल्या गॅरेजमध्ये तुमचा डबा घेऊन आले आहे. एका टेम्पोचं इंजिन चालू आहे आणि त्यातून टकटक येतेय. तुम्ही टेम्पोवाल्याशी बोलत उभे आहात, आणखी तीन-चार जण चहा पीत आहेत. मी बाकावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलते, टोक इंजिनवर टेकवते आणि मूठ कानाला लावते. तुम्हाला तसं करताना मी परकरात होते तेव्हापासून बघत आले होते. पहिला नोझल ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्यावर टोक ठेवलं आणि कानात कोणी हातोडी मारावी तसा आवाज आला. मला इतका आनंद झाला होता बाबा, की मी ओरडलेच, "बाबा, तिसरा नोझल मारतोय!" तुम्ही आलात, माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर ओढून घेतलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "तू पोळ्या लाटायला शीक. इंजिन मला शिकवू नकोस." चहा पिणारे हसले. टेम्पोवाला तर चहा सांडेपर्यंत हसला. मी डबा ठेवला आणि घरी आले.

संध्याकाळी तुम्ही मोरीत बसून कपड्याच्या पावडरने हात घासत होतात आणि आईला सांगत होतात, "आज एक टेम्पो आला होता. नुसता कान लावला आणि सांगितलं, तिसरा नोझल. नवीन टाकला, गाडी एकदम झकास." आई म्हणाली, तुमच्यासारखा कान कोणाला नाही. मी तव्यावरची पोळी उलटत होते. तुम्ही जेवायला बसलात, मी वाढलं, आणि तुम्ही एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर कदाचित मी सगळं विसरून गेले असते. मी तेव्हा तितकीच स्वस्त होते.

आता तुमच्या लाडक्या लेकाचं ऐका. गॅरेज तुम्ही त्याच्या नावावर केलंत, मुलीला काय करायचंय म्हणून. त्याला इंजिनाच्या आवाजाने डोकं दुखायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तुम्ही सोडून. तुमच्यामागे दोन वर्षांत त्याने शटर ओढलं. आज तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मी मुद्दाम तिथून एक कव्हर घेतलं, गुलाबी. हे लिहिताना मला हसू येतंय आणि ते मी लपवत नाही.

मी पाण्याचे जार पोचवायचा धंदा सुरू केला. आधी तीनचाकी होती, मग सहा वर्षांपूर्वी पहिली पिकअप घेतली. तेव्हा सगळे म्हणाले डिझेल घे, आपला रोजचा माल टेकडीवर जातो. पण तुम्ही म्हणायचात ना, "गॅसवर भात शिजवायचा, त्यावर गाडी चालत नाही"? म्हणून मी गॅसची घेतली. दुसरं काही कारण नव्हतं. दसऱ्याला तुमच्या फोटोसाठी आणलेला हार त्या गाडीला घातला, आई बघत असताना. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

त्या बरं वाटण्याची किंमत माझा ड्रायव्हर भरत होता. सावंतवाडीकडचा आहे, तोंडाने सरळ. पन्नास जार भरले की गाडी टेकडीच्या वळणावर दम टाकायची, म्हणून पंचवीस-पंचवीस भरून तो दोन फेऱ्या मारायचा. मला म्हणायचा, "ताई, ही चढावर मागे सरकता. माका भीती वाटता. एक दिवस खालच्या कोणाच्या तरी अंगार जातली." मी ऐकून घ्यायची नाही. गेल्या महिन्यात तो पुन्हा म्हणाला, "आता नवीन घेतास तर डिझेल घेवया." आणि मी, जार धुणाऱ्या बायका समोर असताना, त्याला म्हणाले, "तू गाडी चालव. इंजिन मला शिकवू नकोस." बायका हसल्या. तो चावी घेऊन गेला. माझ्या तोंडून तुमचा आवाज आला होता, बाबा, अगदी तुमचाच. मला माझी किळस आली.

तरीही ड्रायव्हरला घेऊन शोरूममध्ये गेले ती गॅसचीच घ्यायची असं ठरवून. सूड असा एकदा अंगवळणी पडला की सोडवत नाही. सेल्समन ड्रायव्हरला खुर्ची देत मला विचारतो, "मॅडम, सर येणार आहेत का?" मी म्हटलं, सर नाहीत, गाडी मीच घेणार आणि ट्रायलही मीच मारणार, दोन्ही इंजिनांची, पन्नास जार भरून, भांडुपच्या टेकडीवर. तो म्हणाला, "मॅडम, ट्रायल रिकाम्या गाडीची असते." मी म्हटलं, मग रिकामी गाडी तुम्हालाच ठेवा. आला मुकाट्याने.

गॅसची आधी काढली. वळणावर, जिथे रोज कोणीतरी आडवं येतं, तिथे मी मुद्दाम थांबले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि निघाले. गाडी निघाली नाही. कण्हली आणि मागे आली, हातभर. क्लचचा जळका वास आला. आरशात एक बाई दिसत होती, कडेवर पोर आणि हातात भाजीची पिशवी. ती बाजूला झाली, काही झालं नाही. मी पुन्हा हँडब्रेक ओढला. तो माणूस सहा वर्षं रोज हे भोगत होता आणि मी मेलेल्या बापाशी भांडत होते. डिझेलची त्याच जागी थांबवली. ती पन्नास जार घेऊन निघाली, मागे सुतभर न सरकता.

हो बाबा, डिझेल घेतलं.

आज सकाळी प्लांटवर सगळ्यांना थांबवलं. जार धुणाऱ्या बायका, हिशेबाची मुलगी, सगळ्यांना. सगळ्यांदेखत ड्रायव्हरला म्हणाले, "सहा वर्षं तू बरोबर सांगत होतास. मी चुकले. आणि त्या दिवशी तुला बोलले तेही चुकलं." तो लाजला, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "ता ऱ्हवांदे ताई. पेढे खंय?" सगळे हसले, पण यावेळचं हसणं कोणाला लागलं नाही.

एवढंच होतं, बाबा. तीन वाक्यं. चहा थंड व्हायच्या आत बोलून झाली, माझं काही कमी झालं नाही, धंदा माझाच राहिला. तुम्हाला उभ्या आयुष्यात हे जमलं नाही. तुमच्या नावडत्या गॅसने सूड घ्यायला गेले तो फसला, हा मात्र मनासारखा झाला. तुम्हाला जे जमलं नाही ते मला जमलं, आणि तुम्हाला हे टोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खरं सांगायचं तर तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही यातला एकच शब्द वाचला असता, डिझेल. आणि आईला हाक मारून म्हणाला असतात, "बघ, मी सांगत होतो." ते मला अजूनही ऐकवणार नाही.