रकाना चौदा : निरंक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पलटणीतील निवृत्त लेखनिक आणि त्यानंतर कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी 'स्वभाव तापट' असेही लिहिले आहे, ते कोणी विचारले नव्हते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके कोणी माझ्याकडे येतही नाही. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत घराबद्दल सगळे खरे होते आणि माझ्याबद्दल काहीच नव्हते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि रस्त्याकडची खिडकी, माझ्या भाचीला द्यावे. आम्हाला मूलबाळ नाही. पत्नी बारा वर्षांपूर्वी गेली. भाची ही पत्नीच्या भावाची एकुलती एक मुलगी. या माझ्या मेव्हण्याला सगळे मेस्त्री म्हणत आणि मीही तेच म्हणत आलो. तो गेल्या वर्षी वारला. भाची त्याचे सुतारकामाचे दुकान चालवते, दारे-खिडक्या करते. 'माझ्यापेक्षा सरळ कापते पोरगी,' असे तो येईल त्याला सांगायचा.

घराची एक कटकट सांगून ठेवतो. वरच्या मजल्यावरच्या बाई सतरंजी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर झटकतात. यावरून आम्ही सात वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. भाचीने हे भांडण पुढे चालवण्याची गरज नाही, पण चालवल्यास माझी हरकत नाही.

मात्र तिने हे मृत्युपत्र शेवटपर्यंत वाचावे आणि मगच घर घ्यायचे की नाही ते ठरवावे. तिला नको वाटले तर घर नगर वाचनालयाला द्यावे. ती नाही म्हणाली तर तिला कोणी कृतघ्न म्हणू नये.

कलम २. टाइपरायटर झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीला द्यावा. तिला विचारले तर म्हणाली, "आजोबा, गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही, हे धूड कुठे ठेवू?" तरी तिलाच द्यावा. या यंत्रावर मी लोकांची चुकलेली नावे, चुकलेल्या जन्मतारखा आणि जिवंतपणी मेलेले ठरवलेले दोन म्हातारे दुरुस्त करून दिले आहेत. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही अशी ख्याती होती. फक्त एकच अर्ज एकतीस वेळा परत आला.

कलम ३. माजी सैनिकांच्या सभागृहाच्या सेक्रेटरीला काहीही देऊ नये. त्याने माझ्या अंत्ययात्रेला हार आणला तर तो परत करावा. सभागृहात पदक मिळालेल्यांच्या नावांचा लाकडी फलक आहे. तो मेस्त्रीने केला, रंधा मारून, पॉलिश करून, फुकट. खाली एका ओळीपुरती जागा त्याने मोकळी सोडली होती. ती कोणासाठी ते सेक्रेटरीला पक्के ठाऊक होते. तरी तो दर वेळी म्हणायचा, "मेस्त्री, कागद आणा, दुसऱ्या दिवशी नाव रंगवतो." त्याचे बरोबरच होते. म्हणूनच त्याचा मला जास्त राग येतो.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. वकिलांनी ते काढून टाका असे सांगितले होते. मी वकील काढून टाकला.

मेस्त्रीला पदक कशाबद्दल मिळाले होते ते प्रथम लिहितो, कारण आता ते दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही. आम्ही दोघे एकाच पलटणीत होतो. माघार घेताना नदीवरचा लाकडी पूल तोफेच्या गोळ्याने मधोमध तुटला. मेस्त्री छातीभर पाण्यात उतरला, तुटलेली तुळई डाव्या खांद्यावर घेतली आणि उभा राहिला. तिच्यावरून एकोणीस जण पलीकडे गेले, त्यांत सात जखमी. एकोणिसावा मी. माझ्या डोक्यावर पलटणीच्या कागदांची पेटी होती आणि ती टाकून दे म्हणून सगळे माझ्यावर ओरडत होते. मेस्त्री खालून म्हणाला, "राहू दे रे, आण पेटी. पण जरा पाय उचल, पाणी लई गार आहे." त्याचा डावा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. जन्मभर त्याने रंधा एका हाताच्या जोरावर मारला.

पुढे पलटण मोडण्याचा हुकूम आला. दोनशे चौदा माणसांची सेवामुक्तीची पुस्तके तीन दिवसांत भरायची होती. आम्ही तिघे लेखनिक. एक तापाने पडलेला, दुसऱ्याचे अक्षर त्याचे त्यालाच लागत नसे. पुस्तकातला चौदावा रकाना 'पदके व सन्मान' असा होता. रकाना रिकामा सोडलेला चालत नाही, काही नसेल तर 'निरंक' लिहावे लागते. दोनशे वेळा निरंक लिहायचा मला कंटाळा आला. मी मोच्याकडून बुटाच्या टाचेचे रबर आणले, त्यावर उलटी अक्षरे कोरली, लाकडी मूठ बसवली आणि एका दुपारात सगळ्या पुस्तकांवर शिक्का मारून मोकळा झालो. साहेबांनी पाठ थोपटली. माझ्या तत्परतेबद्दल मला पदक द्यावे, अशी शिफारस त्यांनी तिथल्या तिथे करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात पदकांची यादी आली. तीत चार नावे होती. तिघे अजून छावणीतच होते. त्यांना मी गुपचूप नवी कोरी पुस्तके भरून दिली. चौथा मेस्त्री. तो आपले पुस्तक घेऊन सकाळच्या पहिल्या ट्रकने घरी गेला होता. त्याच्यासाठी साहेबांच्या सहीचे दुरुस्तीपत्र लागले असते आणि यादी येण्याआधीच शिक्का का मारला, हे साहेबांनी विचारले असते. माझ्या पदकाचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी दुरुस्तीपत्र उद्यावर टाकले. उद्या पेट्या बंद झाल्या आणि परवा पलटण उरली नाही. साहेब पुढे वर्षभरातच वारले. माझे पदक मात्र वेळेत मंजूर झाले. त्याची नोंद करण्यासाठी मी स्वतःकरता एक कोरे पुस्तक काढले होते.

वर्षभराने मेस्त्रीला खरे सांगायला म्हणून त्याच्या घरी गेलो आणि त्या घरचा जावई होऊन परतलो. त्याच्या बहिणीने पाणी आणून दिले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली, ती बायको जिवंत असेपर्यंत सुटली नाही. ती गेल्यावर ते कारणही उरले नाही. तरी बोललो नाही. भित्रेपणाची मला सवय झाली होती.

सहा वर्षांनी एका जुन्या सोबत्याकडून मेस्त्रीला कळले की यादीत आपलेही नाव होते. पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला.

"दाजी, यादीत मी आहे आणि पुस्तकात निरंक? हा शिक्का मारला कोणी?"

अक्षर असते तर त्याने ओळखले असते. शिक्क्यावरून हात ओळखता येत नाही.

"मुख्य कार्यालयातून मारून आला असणार," मी म्हणालो.

"मग तुम्हीच लिहा अर्ज. तुमच्यासारखं दुसरं कोण लिहिणार?"

मी लिहिला. दर वर्षी लिहिला. तिसऱ्या अर्जाला उत्तर आले की मूळ यादी सापडत नाही, मात्र नोंद करणाऱ्या लेखनिकाचे शपथपत्र जोडल्यास पदकाची नोंद घेण्याचा विचार करता येईल. एवढेच हवे होते. तो लेखनिक त्या वेळी टाइपरायटरसमोर बसला होता आणि समोरच्या स्टुलावर मेस्त्री उत्तर ऐकायला बसला होता. मी टाइप केले, 'सदर लेखनिकाचा ठावठिकाणा लागत नाही.' मेस्त्रीने खाली सही केली.

कलम ५. माझे लिहिण्याचे टेबल भाचीला द्यावे. ते तिच्या वडिलांनी केले आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याचा उजवा खण अडकू लागला म्हणून मेस्त्री तो दुकानात घेऊन गेला. तो शिक्का मी त्या खणात मागे, चिंधीत गुंडाळून ठेवला होता, हे माझ्या ध्यानातच राहिले नाही. चार दिवसांनी त्याने खण आणून बसवला, दोनदा उघडून बंद करून दाखवला.

"आता अडकणार नाही, दाजी," तो म्हणाला, चहा प्याला आणि गेला.

मी खण पूर्ण बाहेर ओढला. मागच्या कोपऱ्यात त्याने एक छोटा कप्पा केला होता, बरोबर शिक्क्याच्या मापाचा. शिक्का पुसून त्यात ठेवला होता. त्यानंतर मेस्त्री अर्ज लिहायला कधी आला नाही. बाकी येणेजाणे, चहा, थट्टामस्करी सगळे चालू राहिले. त्याने शिव्या घातल्या असत्या, चारचौघांत कानफटात मारली असती, तर मी त्याच दिवशी शपथपत्र केले असते, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नसावे. नऊ वर्षांत रोज ते करता आले असते. मला त्याची लाज वाटते आणि ती या कागदावर लिहून कमी होत नाही.

कलम ६. अर्जांची फाइल भाचीला द्यावी. बाप गेल्यावर तिने विचारले होते, "आतोबा, बाबांचा अर्ज परत टाकू या का?" मी बघतो म्हणालो. तिला न सांगता मी शपथपत्र केले, शिक्क्याचा ठसा जोडला आणि सगळे खरे लिहून पाठवले. उत्तर फाइलमध्ये सर्वांत वर आहे. अर्जदार मयत आहे. शिवाय संबंधित लेखनिकाचा ठावठिकाणा लागत नसल्याचे अर्जदाराने स्वतः सहीनिशी कळविले असल्याने, अन्य व्यक्तीचे सदर शपथपत्र ग्राह्य धरता येत नाही. प्रकरण बंद.

हे उत्तर मी बऱ्याच वेळा वाचले. मीच लिहिले असते तर याहून वेगळे लिहिले नसते. भाचीने पुन्हा अर्ज करावा असा माझा आग्रह नाही. केल्यास काही होईल असे मला वाटत नाही, आणि हे मी या कामातला जाणकार म्हणून सांगतो. फलकावरची मोकळी ओळ तशीच राहील.

कलम ७. माझे सेवामुक्तीचे पुस्तक भाचीला द्यावे. त्यातल्या चौदाव्या रकान्यात माझ्या सुंदर अक्षरात 'कार्यतत्परता पदक' असे लिहिलेले होते. आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी तोच शिक्का मारला. दुसरा साक्षीदार मिळेना म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईंना बोलवावे लागले. त्या ओल्या हातानेच खाली आल्या.

शिक्क्याचे रबर एका कडेने झिजले आहे. 'नि' उमटलाच नाही. रकान्यात फक्त 'रंक' एवढेच आले.

बाईंनी वाकून पाहिले आणि सात वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "आजोबा, नीट उठलं नाही हो. अजून एकदा मारा की."

मी म्हणालो, राहू द्या.

सदर नोंदीत कोणीही दुरुस्ती करू नये.

स्थळ : माझी राहती खोली, खिडकीजवळचे टेबल
तारीख : चालू महिन्याची सतरा, मंगळवार, दुपारी चार

सही : मृत्युपत्र करणारा, सदर लेखनिक

साक्षीदार पहिला : डॉक्टर. सही करणाऱ्यास मी ओळखतो. समज चांगली आहे.

साक्षीदार दुसरी : वरच्या मजल्यावर राहणारी. शिक्का माझ्यासमोर मारला. शाई ओली होती म्हणून पुस्तक उघडेच ठेवले आहे.