दारापुढचे आठ चौकोन

७ नोव्हेंबर १९९४
आज पुन्हा! माझ्या दारापुढच्या फरशीवर खडूचे आठ वाकडे चौकोन. समोरच्या ढुंढिराज भिक्षुकाची मुलगी कस्तुरी त्यांत उड्या मारत होती — एक पाय आत, दोन आत, एक बाहेर. मी बादली उचलली तशी किंचाळली, "मिस, पानी मत डालिए ना! सर म्हणतात पाय जड आहेत माझे. वीसला लखनौला तायक्वांदोची ट्रायल आहे!"
म्हणून माझं दार म्हणजे स्टेडियम? ओतलं पाणी.

८ नोव्हेंबर
वाईट वाटलेलं नाही. अजिबात नाही.

१० नोव्हेंबर
वाटलं. खिडकीतून बघत होते. पाय जड कुठले? चौकोनच लहान-मोठे, आणि ही खाली बघून उडते! शेवटी ओरडलेच, "मान वर! जमिनीत काय पुरलंय?"
कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून जिना उतरायला लावायच्या. कस्तुरीच्या डोक्यावर माझी डिक्शनरी ठेवली. तीनदा पडली. चौथ्यांदा आठही चौकोन पार! बघायला एक गाय आणि मी. टाळ्या मी वाजवल्या.

१३ नोव्हेंबर
ढुंढिराज आला, उपरणं सावरत. "बाई, तुमच्या नादानं पोरगी बिघडतेय. भिक्षुकाच्या मुलीनं चारचौघांत लाथा मारायच्या? लखनौ-बिखनौ काही नाही!"
म्हटलं, "अरे, दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढताना तू धापा टाकतोस, ती तीन-तीन एका उडीत चढते. लाज कुणाला वाटावी? एकदा बघ तरी तिला."
"मला सवड नाही."
नसेलच! यज्ञाच्या वेदीवर पिठात घोळलेलं सूत ताणून हा चौकोन आखतो, केसाचा फरक निघत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र डोकं वाकडं ते वाकडंच!

१६ नोव्हेंबर
तीन दिवस कस्तुरी नाही. फरशी कोरी. किती भिकार दिसते कोरी फरशी!
मग मीच खडू घेतला. फूटपट्टी लावूनही वाकडेच आले. तपासायला म्हणून तीन चौकोन उडून पाहिले — बासष्टाव्या वर्षी! गुडघा बोलला. चौथाही उडले. आणि हसू आवरेना.
समोरची खिडकी किलकिली होती. आत उपरणं दिसलं. बघू दे!

१८ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा
सकाळी दार उघडलं. माझे चौकोन धुऊन टाकलेले. त्यांच्या जागी आठ नवे — पिठाचे, सूत ताणून आखलेले. केसाचा फरक नाही. पहिल्या चौकोनात कस्तुरी, मान ताठ. डोक्यावर माझी डिक्शनरी नव्हे — लाल फडक्यात बांधलेली बापाची पोथी.