देवघरातली सैल तार

बडोदे, शुक्रवार, संध्याकाळ

आईचा हात अजून बधिर आहे.

देवघरातल्या विजेच्या दिव्याची तार सैल झाली होती. वायरमन करसनभाई आले, तर मी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. म्हणालो, "आत नको, आईला चालणार नाही." तार मीच जोडली. ते बाहेरून सांगत राहिले, "साहेब, जोडावर चिकटपट्टी गुंडाळा." मी कसला ऐकतोय!

तेवढ्यात आई अंघोळ करून ओलेत्यानेच आली, दिव्याला हात लावला आणि चिकटली. मी नुसता बघत राहिलो. करसनभाई चपलांसकट आत धावले आणि लाकडी पाटाने तिचा हात सोडवला.

सावरल्यावर आईने विचारलं, "अरे, यांना आधीच आत का नाही घेतलंस?"

आईला चालणार नाही! मी तिला विचारलं तरी होतं का कधी?

माझ्याकडे न बघता करसनभाई आईला म्हणाले, "बा, मलाच यायला उशीर झाला."