राख तळाशी बसते

सोम., ६ जाने.
चौथीचा 'पदार्थांचे गुणधर्म' एकदाचा सुरू. उद्या प्रत्येकाने घरून एक पदार्थ पुडीत बांधून आणायचा, पाण्यात टाकून बघायचा. मी ऑनलाइन माहिती भरत होते, सर्व्हर रुसलेला. तनुजा टेबलाशी आली. "बाई, राख चालंल का?" मान वर न करता म्हटलं, "चालेल. राख, माती, डोक्यातला कोंडा, वाटेल ते आण." वर्ग हसला, मीही. सदाशिव पेठेतली जीभ रोज हडपसरला नेते, तिचं तिकीट पडत नाही म्हणून.

मंगळ., ७
प्रयोग छान. मीठ, साखर गायब. रवा, रांगोळी तळाला. तेलाने नेहमीप्रमाणे वर बसून घेतलं. तनुजाची पुडी शेवटी. तिला स्वतः टाकायची होती, पण मधली सुट्टी व्हायला आलेली, मीच तिच्या हातातून घेतली, ग्लासात ओतली, चमच्याने ढवळली. फळ्यावर लिहिलं, वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेतलं : राख पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते.
पोरगी खिचडीला गेली नाही, ग्लासाकडे बघत बसली. हाकलली. मग सगळे ग्लास ताटं धुतात त्या मोरीत ओतले. परत येऊन विचारते, "माझा ग्लास?" म्हटलं, धुतला.

बुध., ८
सकाळी तनुजा जवळ आली. "बाई, मोरीचं पाणी नदीला जातं का?" म्हटलं, का गं? "आबा हायेत त्यात."
आबा म्हणजे तिचे आजोबा. नाताळच्या सुट्टीत वारले. सुट्टी संपल्यावरही ती आली नाही तेव्हा मी हजेरीवर फक्त 'गै.' मारली, आल्यावर विचारलंही नाही. धाकटा काका दुबईहून यायचाय म्हणून अस्थी थांबवल्यात. घरात आणत नाहीत, गॅलरीत मडकं टांगलंय. त्यातली चिमूट.
"आबांना पवता येत नाही. नदीत सोडल्यावं बुडत्यात का काय, ते बघायचं हुतं."
आणि मी वर्गाला ओरडायला लावलं.
"पप्पांना सांगू नका, मारतील." नाही सांगणार म्हटलं. "मग जातं का पाणी नदीला?" म्हटलं, हो. खरं तर मला माहीत नाही.

गुरु., ९
रात्री ह्यांना सांगितलं. पेपर खाली न ठेवता : "चिमूटभरच ना? मडकं काय वजन करून ठेवलंय?" रडूच आलं मला. मग पेपर ठेवला, चहा करून दिला. त्याने काही हलकं वाटलं नाही.
शेजारच्या वर्गाच्या देशमुख बाई म्हणतात, तोंड उघडू नकोस, पालकांच्या ग्रुपवर तुझाच प्रयोग होईल. खरं आहे. आणि मी स्वतःला सांगतेय की पोरीला मार बसू नये म्हणून गप्प आहे. खोटं. भीती माझी मला आहे, पोरगी नुसती पुढे केलीय.
आज उजळणी. 'राख' म्हणताच सगळे ओरडले, "तळाशी बसते!" तनुजाचे ओठ हलले नाहीत. मला लाज वाटली, घाईने 'मीठ' म्हटलं.

शुक्र., १०
शाळा सुटताना तिचे वडील फाटकाशी उभे. गाडी बाजूला, हात जोडलेले. "बाई, उद्या तनूला सुट्टी पायजे. आळंदीला जायचंय. भाऊ आलाय. आबांची लई लाडकी हुती, तिच्याच हातनं सोडायचं ठरलंय." मग म्हणाले, "घरी तुमचंच नाव असतं तिच्या तोंडी."
एवढी चांगली वेळ पुन्हा मिळायची नाही. तोंड उघडलं. त्यातून बाहेर आलं, "अर्ज द्या."
बिचाऱ्यांनी गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहिला. माझंच पेन.

रवि., १२
तनुजाच्या वडिलांचा नंबर काढला. ठेवून दिला. परत काढला. काय सांगणार, तुमच्या वडिलांची चिमूट मी खरकट्या ताटांच्या मोरीत...
भाजी करपली. ह्यांनी लोणचं घेऊन खाल्ली.

सोम., १३
तनुजा आली. केसांना नवी रिबन. वडिलांना काही कळलेलं नाही, म्हणजे तिनेही सांगितलं नाही, मीही नाही. आम्ही दोघी आता एका गटात.
सुट्टीत टेबलाशी आली, हळू आवाजात. "बाई, बुडले नाहीत. पयलं वर ऱ्हायले. मग फुलांसंग पुढं गेले. लांबवर मी बघत हुते."
म्हटलं, बरं झालं.
मग तिने विज्ञानाची वही उघडली. तेच वाक्य, तिच्याच अक्षरात, खाली माझी लाल खूण. "पेपरात आलं तर काय लिहू?"
पेपर मीच काढते. म्हटलं, "येणार नाही हा प्रश्न."
ती जागची हलली नाही.
"पण आला तर?"